यवतमाळ कोणत्या हाताला?

मुजफ्फरच्या हातात पाना असो की फोन, त्याला वाटायचं, अख्खं दिग्रस आपल्याकडेच बघतंय. पाना त्या वर्षी तसाही फारसा हातात येत नव्हता. बोंडअळीनं कापूस खाल्ला, जिनिंगच्या मशिनी गप्प झाल्या, आणि मशिनी गप्प म्हटल्यावर त्या दुरुस्त करणारे अब्बा गुलाम नबी आणि त्यांचे चिरंजीव दोघंही घरी. अब्बांनी झोपा काढल्या. मुजफ्फरनं तलवार उपसली, अर्थात फोनवरची.

खेळाचं नाव ‘समशेर’. बंदूक नाही, बाँब नाही. दोघांविरुद्ध दोघं, अगदी अंगाला अंग भिडवून लढायचं. वार उजवीकडून, डावीकडून नाहीतर डोक्यावरून. ज्या बाजूनं वार येईल त्या बाजूला तलवार आडवी धरली तर वाचलात. एका बाजूची हूल देऊन दुसऱ्या बाजूनं हाणता आलं तर तुम्ही उस्ताद. मुजफ्फर स्वतःला उस्ताद समजत असे. समजायला काय जातं!

खरी उस्ताद त्याची धाकटी बहीण कहकशां होती. अब्बा झोपले की त्यांच्या फोनवर तिची दुपार जायची. ती डावखुरी, त्यामुळे तिनं सगळे कंट्रोल फिरवून घेतले होते. चालायचं उजव्या अंगठ्यानं, मारायचं डाव्यानं, आणि तेही बटणं न दाबता, काचेवरून बोट ओढून. मुजफ्फर तिला हसायचा.

“उल्टा हात, उल्टे कंट्रोल. असं कोणी लढते काय?”

“लढून पाय न माह्यासंगं,” ती म्हणायची. तो मात्र कधीच लढला नाही. त्यातच सगळं आलं.

त्या रविवारी दुपारी नेरच्या जोडीशी सामना ठरला होता. देवीलाल आणि प्रेमसिंग, दोघं चुलतभाऊ, आणि अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्या तलवारीचा बोलबाला. ऐनवेळी मुजफ्फरचा जोडीदार अक्षय अडकला. त्याच्या वडिलांनी, वामनरावांनी, त्याला अळीनं खाल्लेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला शेतात नेलं. अडला हरी! मुजफ्फर बहिणीकडे आला.

“खेळ. पण अक्षयच्या नावानं. अन् तोंडातून आवाज काढायचा नाही. पोट्टी घेतली म्हणतीन मले.”

कहकशांला राग आला. पण खेळायची हाव रागापेक्षा मोठी होती. अब्बांच्या फोनवर तिनं अक्षयचं नाव घेतलं आणि भावाशेजारी खाटेवर बसली.

पहिली फेरी. मैदानात शेजारी शेजारी उभे राहताच मुजफ्फर ओरडला, “यवतमाळ!”

म्हणजे उजवीकडून वार. दिग्रसच्या पोरांची ही खूण होती. एसटी स्टँडच्या दारातून बाहेर पडलं की उजवीकडचा रस्ता यवतमाळचा, डावीकडचा पुसदचा. कहकशांनं सपकन डावीकडून तलवार फिरवली. तिच्या डाव्या हाताला होता मुजफ्फर. या खेळातली तलवार आपलं-परकं ओळखत नाही. भावाचा खांदा उतरला, नेरवाल्यांनी उरलेलं काम केलं.

नेरवाल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मुजफ्फरनं फोनवर हात दाबून धरला. “यवतमाळ उजव्याले हाय, उजव्याले!”

“डाव्याले हाय. जाऊन पाय खिडकीतून.”

मुजफ्फरनं खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचं घर स्टँडच्या बरोब्बर समोर. खिडकीतून पाहणाऱ्याला यवतमाळची गाडी डावीकडे वळून जाताना दिसते. बाप्ये स्टँडातून बाहेर पडतात. कहकशां लहानपणापासून खिडकीतून पाहत आली होती. दोघांचंही बरोबर होतं.

“अन् दुसरं सांगू? त्या देवीलालले तुही खूण समजली,” ती ओढणीनं फोन झाकत पुटपुटली. “तू बोलल्याबरोबर त्याची तलवार तिकडं गेली. कापूस घिऊन किती डाव आला तो हितं. स्टँड माहीत हाय त्याले. आता तू यवतमाळच म्हण, पण मार खिडकीवालं.”

दुसरी फेरी. “यवतमाळ!” मुजफ्फर गरजला. देवीलालनं हुशारीनं ती बाजू अडवली आणि दोन्ही तलवारी दुसऱ्या बाजूनं त्याच्यात शिरल्या. मग प्रेमसिंगचीही तीच गत. एक-एक बरोबरी.

या खेळात जवळ उभ्या असलेल्याचा आवाज ऐकू येतो. मेलेला देवीलाल मोकळ्या मनानं बोलला, “अक्षय, मानलं राजा! हा उल्टा वार कोठी शिकला बे?”

“मीच शिकवला,” मुजफ्फर म्हणाला. “घसा बसला हाय त्याचा आज.”

कहकशांच्या डोक्यात तिडीक गेली. भाजी आपण रांधावी आणि वाहवा शेजारणीची व्हावी! तीही अशा शेजारणीची, जी या घटकेला रानात पऱ्हाट्या उपटते आहे. तिला रडू येत होतं आणि रडायचं तर मुळीच नव्हतं.

तिसरी फेरी, शेवटची. मुजफ्फरनं “यव...” म्हटलं तेवढ्यात कहकशां गर्रकन वळली आणि भावाची मान उडवली.

“अवं! मलेच?”

“मी अक्षय नाही,” ती फोन तोंडाशी नेऊन मोठ्यांदा बोलली. “मी कहकशां. मुजफ्फरची बहीण. या आता दोघंही.”

नेरकडून हसण्याचा लोंढाच आला. ते हसत होते तोवर ती पुढे सरकली होती. “यवतमाळ!” ती ओरडली. देवीलाल मघाच्या मारानं शहाणा झालेला. यवतमाळ म्हणजे आता पुसद, हे त्यानं ओळखलं आणि डावी बाजू अडवली. तिनं सरळ उजवीकडून, अगदी स्टँडच्या दारातल्या यवतमाळकडून वार केला. देवीलाल आडवा.

प्रेमसिंग सावध झाला. तलवार इकडे नेई, तिकडे नेई. हिचं यवतमाळ कुठलं आणि पुसद कुठलं, याचा त्याला काही केल्या मेळ लागेना.

“नेर!” कहकशां ओरडली.

बिचारा क्षणभर थांबला. आपलंच गाव नेमकं कोणत्या बाजूला, याचा विचार करत उभा राहिला. तलवार त्याच्या टाळक्यात वरून बसली.

“नेर कोणतीकडं होतं वं?” खाली पडल्या पडल्या त्यानं विचारलं.

“डोक्शावर,” कहकशां म्हणाली.

देवीलाल खो खो हसला. “कहकशांबाई, पुढच्या रविवारी परत या. अन् भावाले घरीच ठिवा.”

फोनच्या काचेवर मुजफ्फरचं मुंडकं अजून गवतात पडलेलं होतं आणि तो त्याच्याकडे बघत बसला होता.

तेवढ्यात अक्षय घामाघूम होऊन दारात आला. हातापायाला माती, कपड्यांना कुसळं. “आटपलं का बे? जिकलो का आपुन?”

मुजफ्फरनं बहिणीकडे पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही.

“आपुन नाही. कहकशां जिकली,” तो म्हणाला. “अन् ऐक, पुढच्या रविवारीबी तू पऱ्हाट्याच उपट.”