नाव घातलेली सायकल

त्या वर्षी धुळ्याच्या कॉलेजात पोरं पुस्तकांपेक्षा सायकली जास्त सांभाळत होती. दिवाळीच्या आधी सायकली जायला लागल्या त्या लागल्याच. आज याची, उद्या त्याची. मग काय, जो तो आपापली अक्कल पाजळायला लागला. एक जण सीट काढून वर्गात आणायचा आणि बाकावर आपल्या शेजारी ठेवायचा; हजेरी घेताना सरांनी एकदा विचारलंसुद्धा, "हा नवीन कोण?" दुसरा दोन्ही चाकांची हवा सोडून ठेवायचा आणि घरी जाताना पंप मागत गावभर हिंडायचा. झुलाल नावाचा धिप्पाड गडी, त्यानं घरून बैलाचा साखळदंड आणून सायकल लिंबाला जखडली आणि किल्ली हरवून बसला. सायकल सुखरूप लिंबाखाली, आणि झुलाल पायी.

या सगळ्या शहाण्यांवर ताण केली ती फागण्याच्या भटूच्या आईनं. तिचं नाव लिलाबाई.

फागणे धुळ्याहून तसं काही लांब नाही, पारोळा रोडवरच आहे. पण सकाळची एसटी यायची ती खच्चून भरलेली. कंडक्टर दारातूनच हात हलवायचा आणि गाडी धूळ उडवत निघून जायची. निम्मे तास बुडाले तेव्हा भटूच्या वडिलांनी, आधारआबांनी, सायकल घेऊन दिली, पण द्यायच्या आधी बोट उगारून बजावलं, "सायकल गई तं कॉलेज बी गयं. दुसरी लेनार नही. मंग वखर धरानं." आबा एकदा बोलले की दगडावरची रेघ. भटूला शिकून मास्तर व्हायचं होतं आणि वखराचा त्याला मनापासून कंटाळा होता. त्यामुळे नवी कोरी सायकल दारात उभी राहिली तेव्हा आनंद व्हायच्या आधी त्याच्या डोळ्यांसमोर वखरच आला.

लिलाबाई मात्र निश्चिंत. सायकलभोवती एक फेरी मारून म्हणाली, "चाल धुळाले. नाव घाली लेऊत."

"कसानं नाव?"

"भांडावर घालतस तसं. मनी एक वाटी आजलोंग गई नही. लगनमा गई, पंगतमा गई, पन फिरीसन घरच उनी. काब्र? नाव शे म्हनीसन."

धुळ्याला आग्रा रोडच्या एका गल्लीत भाईदास नावाचा माणूस भांड्यांवर नावं घालायचा. हातात विजेचं छोटं यंत्र, टर्रर्र करत स्टीलवर अक्षरं उमटवायचं. समोर पातेल्यांची चळत, आणि त्या चळतीत या मायलेकांनी सायकल आणून उभी केली. भाईदासनं चष्मा कपाळावर चढवला.

"मावशी, हे ताट नाही."

"माले डोया शेत भाऊ. तू नाव घाल."

"काय घालू?"

"सौ. लिलाबाई आधार पाटील, फागणे."

भटूच्या तोंडचं पाणी पळालं. "माय, निदान मनं तरी नाव घाल!"

"आरे येड्या, भांडावर पोऱ्यानं नाव घालतस का कोनी? बाईनंच घालतस." आणि तिनं भाईदासला जागा दाखवायला सुरुवात केली. हॅंडलवर घाल. मागच्या मडगार्डवर घाल. घंटीवर गोल घाल. कॅरियरवर घाल. पायडलच्या दांडीकडे तिनं बोट केलं तेव्हा मात्र भाईदासनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सायकल स्टॅंडवर पहिला डोळा पडला तो झुलालचा. त्यानं हॅंडल वाचलं, घंटी वाचली, मागं जाऊन मडगार्ड वाचलं, आणि सगळ्या आवारात ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "अरे, लिलाबाई आल्या रे, लिलाबाई!" झालं. त्या दिवसापासून भटूचं बारसं नव्यानं झालं. कॅंटीनमध्ये "लिलाबाई, चहा घेणार का?", व्हॉलीबॉलच्या मैदानावर "लिलाबाई, सर्व्हिस!" शिपाईसुद्धा गालात हसायचा. भटूनं पंधरवडाभर दात ओठ खाल्ले. मग एक दिवस सायकलच्या दुकानातून लाल प्लॅस्टिकची पट्टी आणली आणि हॅंडलला गच्च गुंडाळली. मडगार्डावरच्या नावावर गुलाबाच्या फुलाचं स्टिकर लावलं. कॅरियरवर पोतं बांधलं. राहिली घंटी. तिच्यावर त्यानं रुमाल बांधला. आता ती वाजवली की "खट्" एवढाच आवाज यायचा, पण निदान नाव तरी सांगायची नाही.

आणि नेमकी तीच सायकल गेली.

संध्याकाळी प्रॅक्टिकल आटोपून भटू स्टॅंडवर आला तर जागा रिकामी. त्याला आधी वाटलं, झुलालची मस्करी. झुलालला गाठलं तर त्याचाच चेहरा उतरला. "आईशप्पथ, मी नाही रे!" म्हणाला, आणि तोच पुढं होऊन शोधायला लागला. दोघांनी मैदान पाहिलं, होस्टेलचा मागचा बोळ पाहिला, पंक्चरवाले पालथे घातले. चिडवणारी पोरं सगळी पांगून शोधत होती, ओरडत होती. सायकल काही मिळाली नाही.

भटू ट्रकला हात दाखवून घरी आला. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी पोराकडे पाहिलं, पोराच्या मागं पाहिलं, आणि काही न विचारता म्हणाले, "सकायपासून वावरमा ये."

भटूला रडूच कोसळलं. आत चुलीपाशी जाऊन त्यानं आईला सगळं सांगून टाकलं. पट्टी, स्टिकर, रुमाल, सगळं. "माय, तुनं नाव झाकी टाकं मी. पोरे हासेत म्हनीसन. म्हनीसनच गई ती." आईच्या नावाची लाज वाटली, याचीच आता त्याला इतकी लाज वाटत होती की मान वर होईना.

लिलाबाईनं भाकरी उलटली. एवढंच म्हणाली, "झाकं म्हनीसन नाव मिटस का? येई ती." मग ओट्यावर जाऊन नवऱ्याशी काय हुज्जत घातली कोण जाणे, पण आबा कुरकुरत का होईना येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायला कबूल झाले. तोवर सायकल आली तर ठीक, नाही तर वखर.

भटू जीवराम दूधवाल्याच्या सायकलवर, दोन कॅनच्या मधे अंग चोरून बसून कॉलेजला जायला लागला. अंगाला दुधाचा वास, मनात वखराची भीती. आता त्याला कोणी लिलाबाई म्हणत नव्हतं, आणि गंमत अशी की त्याला तेच जास्त लागत होतं.

बाजाराचा दिवस उजाडला. आबांनी मुद्दाम त्याच्यासमोर वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, दगडावर घासायला काढली. खस्स, खस्स. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुत्री भुंकली. एक बाई सायकल हातानं ढकलत येत होती. चालवता येत नसावी. सायकल डावीकडे ओढत होती आणि बाई उजवीकडे. डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला. प्रत्येक दारापाशी थांबून ती विचारत होती, "लिलाबाई आधारनं घर कोठलं वं?"

भटू उठला तो धावतच सुटला. हॅंडलवर पट्टी नव्हती. मडगार्ड असं चकचकत होतं की त्यात तोंड पाहून घ्यावं. आणि त्याच्यावर आईचं नाव, ठळक.

बाई ओट्यावर टेकली. पाण्याचा तांब्या एका दमात संपवला. तिचं नाव भिकुबाई, राहणार मुकटी, पारोळा रोडवरच फागण्याच्या पुढं काही कोसांवर. सायकल ढकलत तिथून आली होती, म्हणजे सोपं काम नव्हे. धाप ओसरल्यावर तिनं लिलाबाईचा हात धरला.

"बाई, माले माफ कर. मना पोऱ्यानी आनी ही. एस्टी चुकनी म्हनीसन आनी, आन मंग जागावर ठेवानी हिंमत व्हयनी नही, बठ्ठा पोरे दखी ऱ्हायंतात. माले सांगं, मित्रनी शे. माले वाटनं, खरं व्हई. काल भांडा घासी ऱ्हायंतू, राख उरनी, म्हनं पोऱ्याना मित्रनी सायकल बी घासी देऊत. ते फूल निंघनं, आन खाले नाव. मी चौथीलोंग शिकेल शे." हे सांगताना ती जरा ताठ बसली. "मी त्याले इचारं, आरे नालायक, तुना मित्रनं नाव लिलाबाई कसं काय? तठेच बठ्ठं वकी टाकं."

आबाच पहिल्यांदा हसले. आबांना इतकं हसताना भटूनं कधी पाहिलं नव्हतं. पास हातातून सुटली, पटका सरकला. भिकुबाईही हसली, डोळे पुसत म्हणाली, "पोऱ्यानं नाव लिखेल ऱ्हातं ना, तं मी मानी लेतू."

लिलाबाईनं भटूकडे एकदाच पाहिलं. बोलायला ठेवलं होतं काय?

कॅरियरला एक पिशवी बांधलेली होती. भटूनं सोडली तर आत भरताची वांगी, हिरवीगार, तुकतुकीत, देठाला अजून काटे.

"हे काय वं?" लिलाबाई म्हणाली.

"दुसरानं भांडं रिकामं धाडतस का?" भिकुबाईनं उलट विचारलं.

त्यावर वाद घालायची कोणाची टाप होती! काटक्यांवर वांगी भाजली गेली, हिरव्या मिरच्या खलबत्त्यात पडल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या गेल्या. दोघी बाया जणू एकाच माहेरच्या असाव्यात अशा बोलत बसल्या. लिलाबाईनं पोराचं नाव विचारलं नाही आणि भिकुबाईनं सांगितलं नाही. जेवताना तिनं फक्त एवढं विचारून घेतलं, की हे नाव घालणारा धुळ्यात बसतो कुठं. निघताना तिची पिशवी लिलाबाईनं भुईमुगाच्या शेंगांनी गच्च भरली. रिकामी पिशवी परत पाठवायला तीही काही मुलखावेगळी नव्हती. आणि भटूनं भिकुबाईला डबलसीट बसवून मुकटीच्या वेशीपर्यंत सोडलं. वाटेत म्हैस आडवी आली की घंटी वाजवायचा. किती दिवसांनी ती मोकळी खणखणली! म्हैस नसली तरी वाजवायचा.

परतला तेव्हा आबांनी पास गोठ्यात टांगली होती. "सकायले कॉलेजले जाय," म्हणाले आणि बिडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी झुलालनं लांबूनच पाहिलं आणि बोंब ठोकली, "लिलाबाई आल्या!" सायकलला माणसाला गराडा घालावा तसा पोरांनी गराडा घातला. भटूनं सगळी हकिकत सांगितली, भिकुबाईचं नाव आणि गाव तेवढं गाळून. झुलाल डोकं खाजवत ऐकत होता. आठवड्याच्या आत साखळदंड कापून सोडवलेल्या त्याच्या सायकलीवर "सौ. पार्वताबाई" आली. मग कोणाची ताईबाई, कोणाची द्रौपदाबाई. भाईदासला पातेल्यांना हात लावायला सवड मिळेना. शिपाई ओरडायचा, "ती पार्वताबाई कोणाची रे? वाटेत उभी केली, बाजूला घ्या तिला!" आणि चोऱ्या थांबल्या की नाही? थांबल्या. नुसती सायकल कोणीही चोरून नेईल, पण दुसऱ्याच्या आईला घरी काय म्हणून सांगणार?

संक्रांतीनंतरची गोष्ट. भटू सकाळी स्टॅंडवर आला तर एक सायकल नवीन दिसली. नवीन कसली, जुनाटच, कोण्या मामानं दिलेली असावी. पण हॅंडल राखेनं घासून लख्ख केलेलं, आणि त्याच्यावर नाव: सौ. भिकुबाई, मुकटी.

शेजारी एक किडकिडीत पोरगा कुलूप लावत होता. मागच्या बाकावर बसणारा, फारसं कोणाशी न बोलणारा. त्यानं भटूला पाहिलं आणि तो जागच्या जागी थिजला. किल्ली हातातून पडली. चेहरा असा की आत्ता रडेल. मागून झुलाल आणि कंपनी हसतखिदळत येतच होती. भटूच्या एका शब्दाचं काम होतं.

भटूनं किल्ली उचलून त्याच्या हातात दिली. आपली सायकल त्याच्या सायकलीला लागून उभी केली, हॅंडलला हॅंडल टेकेल अशी.

"माईला सांग," तो म्हणाला, "वांगी फार चांगली होती."