हात्सुएचं मागणं

मातीची गोळी खडकावर आपटली, एकदा उसळली आणि दोरीच्या कड्यात जाऊन पडली. कठड्याशी उभ्या असलेल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आजींनी मारली बाजी," कुणीतरी म्हणालं.

हात्सुएचा उजवा हात अजून हवेतच होता. खाली कासवाच्या आकाराच्या खडकावर लाटा फुटत होत्या, आणि त्याच्या पाठीवरच्या खळग्यात तिची गोळी इतर गोळ्यांत मिसळूनही गेली होती. कड्यात गोळी पडली की मागितलेलं मिळतं. मायुकोनं टाकलेल्या सगळ्या समुद्रात गेल्या, तेव्हा शेवटची तिनं सासूच्या तळहातावर ठेवली होती. बायकांनी टाकायची ती उजव्या हातानं, आणि हात्सुएचा उजवा खांदा तर कधीचा आखडलेला. ती नाही-नाही म्हणत होती. म्हणता म्हणता टाकली.

"काय मागितलंत, आई?" वाऱ्यानं तोंडावर आलेल्या केसांमागून मायुको हसत होती.

"सांगितलं तर फळत नाही."

"मग मला कळणार कसं?"

हात्सुए रुमालानं हाताला लागलेली माती पुसत राहिली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

घरून निघताना तिचं मागणं ठरलेलं होतं. सुनेचा संसार पुन्हा उभा राहू दे, एवढंच. त्यासाठीच तर दोन बस बदलून डोंगराकडच्या गावातून ती इथवर आली होती. पण गुहेतल्या देवळासमोर दोनदा वाकून, दोनदा टाळी वाजवून डोळे मिटले, आणि मनात आलं ते भलतंच. तेत्सुया पोटात असताना ती इथंच आली होती. खडकातून ठिबकणारं पाणी प्यायली होती, पोर सुखरूप हातात पडू दे म्हणाली होती. पडलंही. तोच तेत्सुया चार वर्षांपूर्वी कामावर, टेबलावर डोकं टेकून गेला.

'मुलगा नेलास,' ती मनातल्या मनात म्हणाली होती, 'सून तरी राहू दे.'

गेल्या हिवाळ्यात घरातला फ्रीज सारखा बिघडत होता. दुरुस्तीला येणारे कुसाकाबे अबोल गृहस्थ. चहासुद्धा उभ्यानं पीत आणि कप स्वतः विसळून ठेवत. एकदा ते यायच्या आधी हात्सुएनं फ्रीजमागं डोकावून पाहिलं, तर नुसती पिन काढून ठेवलेली होती. तिनं ती तशीच राहू दिली. पुढं मायुकोला दवाखान्यातल्या नोकरीवरून यायला अधूनमधून उशीर होऊ लागला. मोटारीचा आवाज कोपऱ्यावरच थांबायचा, मग पावलं ऐकू यायची.

"बस चुकली," मायुको दारातून म्हणायची.

"हो का," हात्सुए म्हणायची, आणि आमटी पुन्हा गरम करायला ठेवायची.

वरच्या चहाच्या दुकानाबाहेर दोघी बाकावर बसल्या. मायुकोनं इथल्या साखरेच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं होतं. एक सासूला दिली, एक स्वतःच्या तोंडात टाकली.

"पुढच्या वर्षी पुन्हा येऊ," ती म्हणाली. "दरवर्षी येऊ या ना."

"तुला कुठली एवढी सवड?"

"न असायला काय झालं? मी कुठं जातेय? आपण दोघीच तर आहोत."

बोलताना ती गोळीवरच्या कागदाच्या घड्या घालत होती. घडीवर घडी, कागद नखाएवढा होईपर्यंत. हात्सुएनं ते पाहिलं आणि तोंडातली गोळी रुमालात काढून ठेवली. तिनं मागितलं होतं ते हेच. ते मिळायला सुरुवातही झाली होती.

ती उठली. "तू बस इथंच. मी आलेच जाऊन."

"पुन्हा खाली? आई, केवढ्या पायऱ्या आहेत. गुडघ्यांचं काय?"

"गुडघे माझे आहेत."

देऊळ खाली, समुद्राच्या अंगाला. कठडा धरून एकेक पायरी उतरत ती गुहेत पोचली तेव्हा एक म्हातारे पुजारी दाराशी झाडत होते. हात्सुए थोडा वेळ दम खात उभी राहिली. मग म्हणाली,

"अहो, एक विचारू का? देवाजवळ मागितलेलं परत घेता येतं?"

पुजाऱ्यांनी झाडू थांबवला. "मिळालं नाही म्हणून?"

"मिळालं म्हणून."

"मिळालं नाही म्हणून पुष्कळ जण भांडून जातात. हे मात्र मला कुणी विचारलं नव्हतं." ते बाजूला सरले. "सांगून बघा. मघाचं ऐकलं असेल, तर हेही ऐकतील."

हात्सुएनं टाळी वाजवली. 'मघाचं सोडून दे,' ती म्हणाली. 'म्हातारीच्या तोंडून निघून गेलं. तिला जाऊ दे. माझं मी बघेन.' पुढं आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण ती नुसतीच वाकली आणि बराच वेळ वाकलेली राहिली.

चढताना तिला दोनदा बसावं लागलं. अर्ध्या वाटेवर मायुको घ्यायला आलीच.

"काही विसरला होतात का?"

"चुकीचं बोलून बसले होते. निस्तरून आले." हात्सुए तिचा हात धरून उरलेल्या पायऱ्या चढली आणि बाकापाशी पोचल्यावर म्हणाली, "कुसाकाबेंना फोन लाव."

मायुकोचे कान लाल झाले. "का? फ्रीज बिघडलाय?"

"फ्रीजला काय धाड भरलीय. पिन लावली की चालतो. तू लाव फोन."

मायुकोनं फोन लावला आणि सासूच्या हातात दिला.

"मी हात्सुए बोलतेय. मायुकोची सासू."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग घाईघाईनं, "नमस्कार. माफ करा, मी, म्हणजे मीच यायला हवं होतं तुमच्याकडे—"

"जेवलात का?"

"अं? नाही अजून."

"मग आत्ता थोडंसंच खा. संध्याकाळी आमच्याकडे जेवा. गावच्या स्टँडवर घ्यायला या आम्हाला. आणि हे बघा, गाडी कोपऱ्यावर थांबवू नका. पार दारापर्यंत आणा."

तिनं फोन परत दिला. मायुकोनं तो कानाला लावला. हात्सुएनं बाकावरची पिशवी उचलली, बसथांब्यापाशी गेली आणि वेळापत्रकाच्या पाटीसमोर उभी राहून ते वाचू लागली. चष्मा पिशवीतच होता.