हलकी

"शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरूनच विचारलं.

तपासणीच्या टेबलावर बारकी दुखरा पाय लांब करून बसली होती. ती आईकडे बघत राहिली.

"सांग ना गं," आई म्हणाली. "मागच्या महिन्यात आली असेल."

"नाही."

"मग?"

"आठवत नाही. थंडीच्या आधी कधीतरी."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रात्रपाळीतही पेट्रोल पंपाच्या तापलेल्या फरशीवर उभं राहून आईचे तळपाय भाजून निघायचे, असे दिवस. थंडीच्या आधी म्हणजे कधी, हे मोजताना तिची एका हाताची बोटं संपली.

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? क्लबचे सर म्हणाले, चांगलं लक्षण आहे. शरीर हलकं झालं की थांबते. मोठमोठ्या धावपटूंचं असंच असतं म्हणे."

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खाली ठेवला. "नडगीला बारीक चीर गेलीय. या वयाच्या मुलीचं हाड नुसतं धावून चिरतं, तेव्हा मी आधी पाळीचंच विचारते. हे बघ, सुरुवातीची काही वर्षं पाळी पुढेमागे होतेच. परीक्षा आली, ताप आला की चुकते. त्याचं एवढं काही नाही. पण येणारी पाळी महिनोन्महिने गायब झाली, तर शरीर काहीतरी सांगत असतं. तू खातेस काय?"

"सकाळी सफरचंद. दुपारी उकडलेल्या भाज्या. रात्री भूक नसते."

"नसते, की मारतेस?"

बारकी टेबलाच्या रेक्झिनचा फाटका कोपरा उचकटू लागली. रात्रीची पाळी करून आई घरी यायची तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं. पोर जेवली, असंच ती समजत आली होती.

"एखादी गोळी द्या ना," आई म्हणाली. "सुरू होईल अशी."

"गोळीने रक्त येईल, हाड नाही भरणार. रक्त तपासून घेऊ, थायरॉइड किंवा आणखी काही आहे का ते कळेल. पण मला वाटतं, हिचं औषध म्हणजे पोटभर जेवण, झोप आणि धावणं बंद. वेळ लागेल."

"पुढच्या आठवड्यात संघासाठी निवड आहे माझी," बारकी म्हणाली.

"यंदा नाही."

घरी आल्यावर बारकी भिंतीकडे तोंड करून पडली. तिच्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि टॅक्सीची किल्ली बोटात फिरवत म्हणाले, "सरांना कळत नसेल का? एवढी पोरं घडवली त्यांनी."

"पोरं घडवली. पोरी नाही," असं म्हणून आईने पातेलं ओट्यावर असं आदळलं की बाबा किल्ली घेऊन सरळ जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपवून आई पंपाच्या गणवेशातच मैदानावर गेली. कडेच्या झाडाखाली वजनकाटा मांडला होता. पोरी रांगेत उभ्या. एकेक जण काट्यावर चढायची आणि सर आकडा मोठ्याने वाचायचे.

"परत वाढलं? काल कुठे मेजवानी झोडलीस?"

रांग हसली. काट्यावरची पोरगी खाली उतरली तेव्हा तिचे कान लालबुंद झाले होते.

"ताई, तुम्ही?" सरांनी आईला पाहिलं. "आमची बारकी कुठाय?"

त्या 'आमची'ने तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"पाय बांधून पडलीय घरी. हाड चिरलंय."

"अरेरे. होईल बरी, जिद्दी आहे. वजन तेवढं सांभाळ म्हणावं. बसून वाढतं."

"तिची पाळी बंद झाली होती. तुम्हाला माहीत होतं."

सरांनी पोरींकडे पाहून आवाज उतरवला. "ताई, ही जागा नाही हे बोलायची. पोरींना लाज वाटते."

"वजन ओरडून सांगता तेव्हा नाही वाटत?"

"खेळात थोडं सोसावं लागतं. आणि मी काही डॉक्टर नाही."

"मग डॉक्टरासारखं सांगितलंत कशाला, चांगलं लक्षण आहे म्हणून?"

सर चिडले नाहीत. समजूतदारपणे हसले आणि म्हणाले, "सराव खोळंबलाय, ताई. आपण निवांत बोलू." ते चिडले असते तर ती कदाचित भांडून निघून गेली असती. ती वाकली आणि तिने काटा उचलला.

"ताई, ती क्लबची वस्तू आहे."

"पंपावर या आणि घेऊन जा. मी तिथेच असते."

आता कुणी हसलं नाही. लाल कानांची पोरगी तेवढी बाजूला सरकली, तिला वाट द्यायला. काटा काखेत मारून ती बस थांब्यापर्यंत चालत गेली. पत्र्याची कड कातडीत रुतत होती, तरी तिने हात बदलला नाही.

काटा न्यायला कुणी आलं नाही. क्लबमधून बारकीचं नाव मात्र गेलं.

"तू माझं सगळं घालवलंस," बारकी म्हणाली आणि त्यानंतर तिने आईशी बोलणंच टाकलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ती जेवायची, पण शिक्षा भोगल्यासारखी. आईने पंपावर भांडून दिवसपाळी मागून घेतली आणि रात्री ती पोरीसमोर बसून राहायची. आईचा राग काही केल्या विझत नव्हता. सरांवर होता, नवऱ्यावर होता, पोर बारीक झाली म्हणून शाबासकी देणाऱ्या शेजाऱ्यांवर होता. रक्ताच्या तपासणीत दुसरं काही निघालं नाही, म्हणजे पोर नुसती उपाशी होती. भरल्या घरात उपाशी. हे आठवलं की ती पोरीच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायची.

निवड झाली, संघ स्पर्धेला गेला, परत आला. त्या दिवशी बारकीने फोन बंद करून ठेवला.

मग एका सकाळी न्हाणीत बराच वेळ पाणी वाजत राहिलं. आईने दार लोटलं. बारकी चादर बादलीत बुचकळत बसली होती.

"आली," ती मागे न बघता म्हणाली. "खूप दुखतंय."

"ऊठ. गरम पाण्याची पिशवी देते."

"मी तुझ्यावर अजून चिडलेलीच आहे."

"राहा चिडलेली. पण जाऊन पड."

पोरगी पाय जपत गेली. आई खाली बसली. गार पाण्यात तिने चादर चोळली, पिळली, पुन्हा चोळली. डाग फिका झाला, गेला नाही.

"मागच्या बाजूला घाल वाळत," बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. "दिसतंय अजून."

ती त्यांच्या शेजारून पुढच्या गॅलरीत गेली. चादर पूर्ण उलगडली, कठड्यावरून रस्त्याच्या बाजूला सोडली आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले. खालून माणसं कामावर निघाली होती. एकाने वर पाहिलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो नजर काढून घेईपर्यंत.