हो, वहिनी

त्या हॉटेलच्या धुलाईखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. खरं तर ती तिथे एकाच बाईची वहिनी होती. तिची नणंद, जिला सगळे धाकटी म्हणत, चादरींना इस्त्री करणाऱ्या रुळाच्या मशीनपलीकडून गळा ताणून 'वहिनीऽ' अशी हाक मारायची, आणि ऐकून ऐकून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. परदेशातून नुकत्याच कामाला आलेल्या सहाजणींना तर 'वहिनी' हे एखादं मोठं पद वाटायचं. वहिनीनेही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

पद मात्र अजून मिळायचं होतं. जुन्या सुपरवायझरबाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. मॅनेजरने त्या सहाजणींचे दोन गट पाडले, तिघी वहिनीकडे आणि तिघी धाकटीकडे. शुक्रवारी जिच्या गटाच्या घड्या बिनचूक निघतील ती नवी सुपरवायझर. वहिनीने त्याच दिवशी मनातल्या मनात सुपरवायझरच्या टेबलाची जागा बदलून ते खिडकीशी नेलं.

का नाही नेणार? अठरा वर्षं तिने या वाफेत काढली होती. धाकटीलासुद्धा बारा वर्षांपूर्वी तिनेच इथे चिकटवलं होतं. शिवाय त्या सहाजणींची भाषा सगळ्या इमारतीत एकट्या वहिनीला यायची. ती बढतीला उपयोगी पडेल म्हणून तिने तीन महिने क्लास लावला होता आणि सर्टिफिकेट पर्समध्ये घेऊन फिरत होती. धाकटीला त्या भाषेतले सहा शब्द यायचे, आणि त्यातले दोन 'गरम' आणि 'बास'.

काम काही फार अवघड नव्हतं. चादरीच्या एका टोकाची दुमड रुंद असते, दुसऱ्या टोकाची अरुंद. घडी घातल्यावर रुंद दुमड वर दिसली पाहिजे, म्हणजे खोल्या आवरणाऱ्यांना उशाकडची बाजू शोधत बसावं लागत नाही. सोमवारी वहिनीने हे शुद्ध, घोटीव भाषेत समजावून सांगितलं, एक चादर घडी करून दाखवली, आणि विचारलं, "कळलं?"

तिघींनी माना डोलावल्या. "हो, वहिनी."

संध्याकाळी पाहते तर अर्ध्या चादरी उलट्या. मंगळवारी तिने पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश, आणखी शुद्ध. "कळलं?" "हो, वहिनी." पुन्हा अर्ध्या उलट्या. बुधवारी तिने सुवाच्य अक्षरात सूचना लिहून भिंतीवर डकवल्या. तिघींनी त्यापुढे उभं राहून त्या आदराने वाचल्या, आणि घड्या घातल्या त्या परत आपल्याच मनाने.

पलीकडे धाकटीच्या टेबलावर मात्र हसणं-खिदळणं चाललेलं. चादरींचे गठ्ठे एकसारखे रचलेले आणि सगळ्यांवर रुंद दुमड. जेवणाच्या सुट्टीत त्या तिघी धाकटीला आपल्यात बसवून घ्यायच्या, तिच्या केसांना नवीनच क्लिप लावायच्या. वहिनी आली की मात्र सगळ्या उठून उभ्या राहायच्या आणि तिला जागा द्यायच्या. वहिनी त्या दिलेल्या जागेवर एकटी बसून जेवायची. ती जळत होती. सहा शब्दांच्या भांडवलावर ही पोरगी भाव खाते आणि माझं सर्टिफिकेट पर्समध्ये कुजतं, या विचाराने घास तोंडात फिरायचा.

गुरुवारी तिला राहवेना. कपड्यांच्या गाडीमागे उभं राहून तिने पाहिलं, आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. धाकटी चक्क चुकीची घडी घालत होती! अरुंद दुमड वर, एक कोपरा बाहेर. शेजारच्या बाईने जिभेने च्यक केलं, चादर तिच्या हातातून ओढून घेतली आणि घडी नीट करून दाखवली. धाकटीने दुसरी घेतली, तीही चुकवली. आता तिघी तिला सुधारायला तुटून पडल्या.

वहिनीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणजे हिलाच येत नाही! बारा वर्षं झाली तरी हिला येत नाही, आणि त्या बिचाऱ्या हिचं निस्तरतात! ती तडक मॅनेजरकडे गेली. "मला चुगली करायची सवय नाही," अशी सुरुवात करून तिने पुढे दहा मिनिटं चुगली केली.

शुक्रवारी मॅनेजर येऊन उभा राहिला. त्याच्यादेखतही धाकटीने घडी चुकवली. तिघींनी हसत ती काढून घेतली आणि आळीपाळीने करून दाखवली. एकीने तर कपाळाला हात लावला. मॅनेजरने त्यांचे चार गठ्ठे उलगडून पाहिले, एकही चादर उलटी नव्हती. मग तो वहिनीच्या टेबलाशी आला. तिथे तिघी माना डोलवत उभ्या होत्या आणि सगळ्यात वरचीच चादर उलटी होती.

सुपरवायझर धाकटी झाली.

कपडे बदलायच्या खोलीत वहिनीने तिला गाठलं. "मुद्दाम चुकत होतीस?"

"हो."

"नाटकी! आणि ते कशासाठी?"

"अहो वहिनी, त्यांच्यात मोठ्या माणसाला 'कळलं नाही' म्हणत नाहीत. म्हटलं तर त्याला शिकवता आलं नाही असा अर्थ होतो. चुकणाऱ्याला सुधारायला मात्र चालतं. मग मीच चुकले. कुणाला किती कळलंय ते लगेच दिसतं."

"हे तुला सांगितलं कोणी? तुला येतात सहा शब्द!"

धाकटी बुटाची नाडी बांधत होती. ती थांबली. "कुणी नाही सांगितलं. मला ते आधीपासून माहीत होतं."

"कसं?"

"इथे आल्यावर तुम्ही मला रुळाचं मशीन शिकवलंत, आठवतं? पाच मिनिटांत सांगितलंत आणि म्हणालात, 'कळलं?' मी म्हटलं, 'हो, वहिनी.' मला ओ की ठो कळलं नव्हतं. बाथरूमला कडी लावून हवेत हात फिरवून पाहत होते." ती थोडी हसली. "घरी तरी काय वेगळं होतं? बारा वर्षं मानच डोलावतेय."

वहिनी पर्स उचलून निघून गेली.

सोमवारी धाकटी सुपरवायझरच्या टेबलाशी बसली होती, आणि टेबल खिडकीशी हलवलेलं होतं. वहिनीला ते बघून परत मिरच्या झोंबल्या. धाकटीने तिच्यापुढे नवं रजिस्टर उघडलं. कुठल्या मजल्याची गाडी कुठल्या रकान्यात, डागाळलेल्या चादरींची खूण कोणती, फाटलेल्या कुठे लिहायच्या, सगळं तिने भराभर सांगितलं. मग वर बघून, हुबेहूब वहिनीच्याच सुरात, तिने विचारलं,

"कळलं?"

सहाही जणी घड्या घालता घालता इकडे बघत होत्या. वहिनीची मान आपोआप हलायला लागली होती. तिने ती मधेच थांबवली आणि सगळ्यांना दिसेल अशी आडवी हलवली.

"नाही कळलं," ती मोठ्याने म्हणाली. "पुन्हा सांग."

तिकडे एकीच्या हातातली चादर खाली पडली.