कुलूप बिघडलं नव्हतं

मी कुलूप बोलतोय. कोकिंबो या दूरदेशीच्या बंदराच्या शहरात, टेकडीवरच्या एका घराच्या दारावर दोन वर्षं होतो. मला किल्ली लागत नाही. मी फोनचा हुकूम मानतो, मग तो हजार किलोमीटरवरून का येईना. याचा मला अभिमान होता. आता तेवढा नाही.

मला एर्विनने आणलं. तो उत्तरेच्या तांब्याच्या खाणीत कामाला. सात दिवस तिकडे, सात दिवस घरी. मला बसवणाऱ्या माणसाने विचारलं, "आतली मूठसुद्धा फोनवरून बंद करायची? ती कशाला?"

"लहान मूल आहे. रस्त्यावर पळतं."

घरात मूल नव्हतं. बायको होती, यास्ना.

संध्याकाळच्या चहाला ताजा पाव नसला तर तिथे घराला घर म्हणत नाहीत. म्हणून पाव आणायला जाण्याची तिला मुभा होती. बारा मिनिटं. तेरावं लागलं की दारावरच्या कॅमेऱ्यातून त्याचा आवाज यायचा, "पाव भाजायला बसलीस काय गं?" तो हसत बोलायचा. ती हसत नसे.

शेजारची हर्मिंडामावशी टोमणा मारायची, "हल्ली चहाला येत नाहीस. आम्ही काय चावतो?"

"कुलूप बिघडलंय मावशी. अडकतं."

माझ्यावर आळ आला. मी सोसला. नवऱ्याचं नाव घ्यायची तिला लाज वाटत होती.

एका मंगळवारी ती दारात मावशीशी बोलत उभी राहिली. नऊ मिनिटं. बुधवारी खाणीवर पाळी सुरू होण्याआधी एर्विनने तिकडून मला बंद केलं, आतल्या मुठीसकट. मग फोन नियमाप्रमाणे खाणीच्या फाटकावरच्या खणात ठेवला आणि खाली उतरला.

चहाच्या वेळेला जमीन हलली.

जमीन हलली की तिथला माणूस आधी दार उघडतो. चौकट तिरकी झाली की दार अडकतं, हे पोरंसोरंही जाणतात. यास्ना धावत आली. मूठ फिरवली, पुन्हा फिरवली. मागे बशा फुटत होत्या. खिडक्यांना गज. "उघड रे बाबा, उघड!" ती मलाच म्हणत होती. मला हुकूम नव्हता. मी उघडलो नाही.

बाहेरून मावशी ओरडली, "दार उघड पोरी! वेड लागलं काय?"

"उघडत नाही!"

"परत अडकलं?"

यास्नाने मूठ सोडली. मग म्हणाली, "अडकलं नाही मावशी. त्यानं बंद केलंय. नेहमी तोच करतो."

मावशी तशीच मागे वळली. परसातून पहार घेऊन आली. सत्तरीची बाई. पहिला घाव भिंतीवर गेला. जमीन केव्हाच थांबली होती, मावशी थांबली नाही. चौथ्या घावाला मी फुटलो. लागलं, पण तक्रार नाही.

आता मी पुरावा म्हणून कोर्टाच्या कपाटात पिशवीत आहे. एर्विन सांगतो, यंत्र आहे, बिघडलं. त्याचा वकील यास्नाला विचारतो, "दोन वर्षांत एकदाही कुणाला का सांगितलं नाहीत?"

साहेब, तिला छळू नका. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता मला बंद केलं, ते सगळं माझ्यात नोंदलेलं आहे. मला विचारा. मी खोटं बोलत नाही.

यास्ना मावशीकडे राहते, असं कारकून म्हणत होता. तिथे दाराला साधी कडी आहे, आतून लावायची. माझ्यापेक्षा ती बरी.