उर्शुलेची भाजलेली बिअर

दांगुओलेने भट्टीत लांब फावडं सरकवलं आणि पहिली लादी बाहेर ओढली. मोड आणलेल्या जवाच्या पिठाची ती लादी वरून काळीकुट्ट झाली होती. ती टाकून द्यायला वळणार, तेवढ्यात बाकावरून शेजारची गेनोवैतेमावशी म्हणाली,

“असू दे. एवढी लागायलाच हवी.”

गावात सगळ्यांत म्हातारी म्हणून मांतासने तिला चव सांगायला बोलावलं होतं. लाद्या भाजून, पाण्यात मुरवून केलेलं हे केप्तिनिस, म्हणजे भाजलेली बिअर, लिथुआनियात आता कुणी करेनासं झालं होतं. मांतासला ते पुन्हा विकायला आणायचं होतं.

“काकू, तुमची आईही एवढं करपवायची?” मांतासने दांगुओलेला विचारलं.

“हो तर,” दांगुओले म्हणाली. खोट्याचीही सवय होते.

मांतासने बाटलीवर लावायचा कागद पुढे केला. त्यावर दांगुओलेच्या आईचा, उर्शुलेचा फोटो होता आणि खाली ओळ, ‘आईच्या हातून लेकीच्या हाती.’

“छापायला टाकू ना?”

दांगुओलेचे कान तापले. मावशी काठीशी चाळा करत होती. दांगुओलेच्या लग्नाला तीही आलेली होती, आणि ते लग्न विसरण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी दांगुओलेने हट्ट धरला होता की सासरच्या मंडळींपुढे हे खेडवळ काळं पाणी नको, शहरातल्या बाटल्याच हव्यात. आईने आपल्या बिअरची दोन्ही पिंपं डुकरांच्या डोणीत ओतली. डुकरं झिंगली, लडखडली, एक तर पाहुण्यांच्या टेबलाखाली जाऊन झोपलं. सगळा मांडव हसला. सगळ्यांत जास्त नवरी हसली. एप्रनला हात पुसत आईसुद्धा हसली, आणि त्यानंतर तिने घरात कधी बिअर केली नाही.

“ती ओळ काढ, मांतास.”

“का? तीच तर खरी गंमत आहे.”

“आईनं मला काही शिकवलेलं नाही. मी तिला कधी विचारलंच नाही. पुस्तकात बघून करतेय मी. तीनदा नासलं.” मग तिने डुकरांचंही सांगून टाकलं. सांगताना तिला मान वर करवेना.

मांतासने कागदाची घडी घातली.

“म्हणजे आता हे कुणालाच येत नाही?”

“मला येतं,” मावशी म्हणाली. “उर्शुले दर हिवाळ्यात माझ्या भट्टीत लाद्या भाजायला यायची. देवाघरी जायच्या आदल्या वर्षीसुद्धा आली होती.”

दांगुओले फावडं धरून तशीच उभी राहिली. दोन्ही घरांमध्ये एक कुंपण तेवढं होतं.

“मावशी, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तिनं बजावलं होतं. पोरगी विचारायला आली तर हातचं न राखता शिकव, म्हणाली. पण आपणहून विषय काढू नकोस. लग्नातलं आठवून तिला वाईट वाटेल.”