तीन दगडांची चूल

मी ज्या कामाला निघते ते करूनच परत येते. खोटं वाटत असेल तर इथे अमेरिकेत ईडन प्रेरीच्या आमच्या मराठी मंडळात कुणालाही विचारा. गणपतीसाठी शाळेचा हॉल मिळत नव्हता तेव्हा कुणाला पाठवलं होतं? म्हणूनच या जूनमध्ये मी नवऱ्याला, म्हणजे शशिकांतला, सांगितलं, "तंबू काढ. साउथ डकोटाला जायचं आणि रुहीला घेऊन यायचं."

रुही आमची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच शिकली, मिनिआपोलिसमध्ये चांगल्या कंपनीत लागली. गेल्या वर्षी ती नोकरी सोडून ती एका सरकारी ऐतिहासिक जागेवर राखणदार झाली. राखणदार हा शब्द माझा. ती स्वतःला रेंजर म्हणते. ऐतिहासिक म्हणावं तर तिथे किल्ला नाही, देऊळ नाही, धड भिंतसुद्धा नाही. नुसतं गवत आणि गवतात पडलेले दगड. दूध आणायचं तर तासभर ड्राइव्ह. काम हंगामी होतं तोवर मी गप्प बसले, म्हणजे माझ्या मानानं गप्प. पण आता सोमवारी तिची साहेबीण, डोना, तिला पर्मनंट करायचं की नाही ते ठरवणार होती. एकदा पर्मनंट झाली की पोरगी त्या गवतातच म्हातारी होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तेव्हा शनिवारी पोचायचं, तिला पोटभर जेवू घालायचं आणि मग विषय काढायचा, असा माझा बेत होता. काय बोलायचं ते मी गाडीत म्हणून पाहिलं. शशिकांतनं ते दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा सुरू केल्यावर गाणी लावली.

पोचलो तर रुही ड्यूटीवर. ऑफिसच्या दारातूनच तिनं हात केला आणि सहाला येते म्हणाली. कॅम्पची जागा ऑफिसच्या मागच्या अंगाला, उतारावर. आमच्याशिवाय तिथे कुणीही नव्हतं. वारा तर असा की तंबू उभा करताना शशिकांत त्याच्यासकट उडून जातो की काय असं वाटलं. खुंट्या धरेनात. शेवटी तंबूच्या कडांवर मी पाण्याचे कॅन, आइसबॉक्स आणि पिठाची बरणी ठेवली, तेव्हा कुठे तो जागेवर बसला.

"आता चूल," शशिकांत म्हणाला.

माझा नवरा पुण्याचा. कॉलेजात असताना दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर. तीन दगड मांडायचे, खाली काटक्या, वर पिठलं, हे झाल्याशिवाय त्याला आपण घराबाहेर पडलोय असं वाटतच नाही. इथे शेकोटीसाठी लोखंडी कडं होतं आणि त्यावर एक जाळी. मी तवा ठेवून पाहिला. जाळी इतकी उंच की जाळ तव्यापर्यंत पोचेना, मधूनच वारा सगळी ऊब घेऊन जाई. त्यावर भाकरी भाजणं शक्यच नव्हतं.

"जाळी बाजूला कर," मी म्हटलं, "आणि कड्याच्या आत तीन दगड मांड. एवढे दगड पडलेत चहूकडे."

त्यानं लगेच जवळूनच आणले. छान जड, वरून सपाट. "अर्धे मातीत रुतले होते," तो हात झटकत म्हणाला, "गाडीच्या पान्यानं उचकटावे लागले." मी दगड मांडले, हलत नाहीत ना ते पाहिलं आणि लाकडं पेटवली. तवा असा बसला की मीच मला शाबासकी दिली. पिठलं झालं. पहिली भाकरी टम्म फुगली. सातवी परातीत थापत होते तेवढ्यात रुही आली.

युनिफॉर्ममध्ये मी तिला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. हॅट, बिल्ला, खांदे ताठ. मला वाटलं, वासानंच विरघळेल. ती चुलीकडे पाहून थांबली.

"आई, व्हेअर डिड यू गेट दोज?"

"काय?"

"दगड. हे दगड कुठून आणले?"

शशिकांतनं हात केला. ती तिकडे जवळजवळ धावतच गेली. मी पिठाच्या हातांनी तिच्या मागे. गवतात ती गुडघ्यांवर बसली होती. तिच्यासमोर तीन खळगे, ताज्या काळ्या मातीचे. आणि मग मला बाकीचे दगड दिसले. एकाशेजारी एक, मोठ्या गोलात, दारापुरती फट सोडून. इतका वेळ ते नुसते पडलेले दगड होते.

"पाटी कुठे आहे?" मी विचारलं. असं काही झालं की मी आधी पाटी शोधते.

"पलीकडे, वाटेवर. कॅम्पच्या बाजूनं कोणी येत नाही." तिचा आवाज बारीक झाला होता. "आई, हे घर आहे. तंबू होता, कातड्याचा. वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेवर दगड ठेवायचे. जाताना तंबू काढून न्यायचे, दगड इथेच राहायचे. डोनाच्या लोकांची, इथल्या मूळ रहिवाशांची घरं आहेत ही. शी ब्रिंग्ज हर ग्रँडकिड्स हिअर."

मी वळून आमच्या तंबूकडे पाहिलं. कडेवरचे कॅन, आइसबॉक्स, पिठाची बरणी. मला फार वाईट वाटलं. कुणीतरी बाई माझ्यासारखीच वाऱ्यावर करवादत हे दगड उचलून आणत असेल, आणि मी ते तिच्या घरातून उपटून आणवले होते.

"परत ठेवू," शशिकांत म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, बाबा." रुही उठली. "मला डोनाला फोन करायला हवा."

आता खरं सांगते. मला हवं होतं ते आयतं पुढ्यात आलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. रेंजरच्याच आईबापांनी घर उचकटलं म्हटल्यावर सोमवारी कोण पर्मनंट करतंय? त्याच संध्याकाळी पोरगी आमच्या गाडीत असती. पण माझ्या पोरीला कुणी नालायक ठरवून घालवावं, आणि तेही माझ्या भाकरीपायी, हे मला चालणार नव्हतं.

ऑफिसात तिनं नंबर लावला आणि मी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "आई, डोंट!" ती म्हणाली. मी ऐकते थोडीच.

"डोना, मी रुहीची आई," मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. "तुमच्या एका घराचे तीन दगड मी चुलीला लावले. तुमच्या मुलीनं मला पकडलं." घाईत 'तुमच्या मुलीनं' म्हणून गेले आणि मग ते दुरुस्त केलं नाही.

डोनानं शांतपणे रुहीला फोन द्यायला सांगितलं. रुही यस, यस म्हणत राहिली. फोन ठेवून तिनं आम्हाला सांगितलं, फोटो काढायचे, दगड निवले की त्याच खळग्यांत बसवायचे आणि ज्यानं केलं त्याचा जबाब घेऊन रिपोर्ट आजच पाठवायचा.

दगड निवेपर्यंत कुणी जेवलं नाही. मी काजळी घासायला घासणी घेतली तर रुहीनं माझा हात धरला. "नको, राहू दे. घासलंस तर वरचं दगडफूल जाईल. ते उगवायला शंभर वर्षं लागतात." मग तिनं एकेक दगड उचलून खळग्यावर धरला, थोडा फिरवला, थोडा आणखी, आणि तो आत बसला. मी तिचे हात पाहत होते. लहान बाळाला झोपेत पांघरूण घालावं तशी ती कडेची माती दाबत होती. माझं गाडीतलं भाषण मला एकदाही आठवलं नाही.

मग गार पिठलं आणि गार भाकरी. रुहीनं तीन खाल्ल्या. उजेड होता अजून. तिनं हात धुतले, हॅट चढवली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

"नाव?"

"तुला माहीत नाही?"

"विचारावं लागतं, आई."

मी नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. काय केलं, का केलं, सगळं सांगितलं. पाना शशिकांतचा होता पण हुकूम माझा होता, हेही लिहायला लावलं. तिनं एकदाही हसू फुटू दिलं नाही.

"एनिथिंग यू वुड लाइक टू ॲड?"

शशिकांतनं माझ्याकडे पाहिलं. चारशे मैल मी काय घोकत आले होते ते त्याला पाठ होतं.

"लिही," मी म्हटलं. "इथे राखणदार लागतो. तुम्हाला तो मिळालाय. सोडू नका."

तिची बोटं थांबली. मग मान खाली घालून, नाक ओढत, तिनं ते शब्द न शब्द लिहून घेतलं.